सगळे नियम पाळणारा रेणू पेशीपटल का ओलांडत नाही?

एम. फार्म.च्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिच्या गटाने तयार केलेल्या नव्या रेणूचा रेणुभार ४१२, संगणकाने काढलेला लॉग पी, म्हणजे रेणू पाण्यापेक्षा मेदसदृश ऑक्टॅनॉलमध्ये किती पटींनी जास्त जातो याचा लॉगॅरिदम, २.८ आणि ध्रुवीय पृष्ठक्षेत्र, म्हणजे रेणूच्या पृष्ठभागाचा नायट्रोजन-ऑक्सिजनांनी व्यापलेला भाग, ९२ चौरस अँगस्ट्रॉम आहे. हायड्रोजन बंध देऊ शकणारे तीन गट त्यात आहेत, दोन अमाइडांचे आणि टोकाच्या पिपेरिडीन वलयाचा एक. तोंडाने घ्यायच्या औषधांसाठीचे लिपिन्स्की आणि वेबर यांचे सर्व निकष हा रेणू सहज पाळतो आणि संगणकाने त्याचे आतड्यातून शोषण उत्तम होईल असे भाकीत केले होते. प्रत्यक्षात आतड्याच्या अस्तराची नक्कल करणाऱ्या काको-२ पेशींच्या थरातून त्याची पारगम्यता जेमतेम ०.७ दशलक्षांश सेंटिमीटर प्रति सेकंद इतकीच आली. मग चूक प्रयोगात आहे की गणितात, आणि रेणूच्या गुणधर्मांवरून पारगमनाचे भाकीत करण्यावर, यंत्रशिक्षणाच्या प्रारूपांसकट, विश्वास तरी किती ठेवावा, असे तिने विचारले आहे.

माझ्या मते या आकड्यांत विसंगती नाही. संगणकाने ज्या रेणूचा लॉग पी काढला तो रेणू तुमच्या द्रावणात जवळजवळ नव्हताच. लॉग पी हा भाररहित रूपाचा गुणधर्म आहे. तुमच्या पिपेरिडीनमधील नायट्रोजन मोकळा, म्हणजे दुय्यम अमाइनचा आहे आणि अशा नायट्रोजनाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा, साधारण ९.७ धरता येतो. हेंडरसन-हॅसलबाल्ख समीकरणात हा आकडा घातला की पीएच ७.४ ला दर हजार रेणूंपैकी पाचच भाररहित राहतात. आतड्याच्या वरच्या भागाशी जुळणारा पीएच ६.५ घेतला, तर हजारात एकही धड उरत नाही, दहा हजारांत सहा उरतात. भारित रूप मेदात नगण्य विरघळते असे धरले, तर त्या पीएचचा विचार करणारा विभाजन गुणांक, म्हणजे लॉग डी, पीएच ७.४ ला ०.५ आणि पीएच ६.५ ला उणे ०.४ इतका येतो. २.८ आणि उणे ०.४ यांमधील अंतर मूळ गुणांकाच्या भाषेत सुमारे दीड हजार पटींचे आहे. तेव्हा पहिली दुरुस्ती म्हणजे पुढच्या अहवालात लॉग पीच्या शेजारी पीकेए आणि लॉग डी यांचे रकाने हवेत, आणि पीकेए शक्यतो अनुमापनाने मोजलेला असावा. संगणकाने काढलेल्या पीकेएमध्ये एका एककाची चूक नवलाची नाही, आणि येथे एक एकक म्हणजे दहापट.

मात्र भार हे संपूर्ण उत्तर नव्हे. औषधांमध्ये अमाइनयुक्त आम्लारी पुष्कळ आहेत आणि त्यांतील कित्येक आतड्यातून उत्तम शोषले जातात. म्हणून पटल ओलांडण्याचा मूळ हिशेब एकदा मांडावा लागेल. पेशीपटलाचा गाभा म्हणजे सुमारे तीन नॅनोमीटर जाडीचा, मेदाम्लांच्या हायड्रोकार्बन शेपट्यांचा थर. पाण्यातून तेथे शिरणाऱ्या रेणूला आपल्याभोवती हायड्रोजन बंधांनी धरलेले पाणी सोडावे लागते आणि त्या बंधांच्या बदल्यात देण्यासारखे हायड्रोकार्बनकडे काहीच नसते. पारगम्यता म्हणजे विभाजन गुणांक गुणिले पटलातील विसरणाचा वेग, भागिले पटलाची जाडी. यांपैकी जाडी जवळजवळ स्थिर असते. विसरणाचा वेग रेणूच्या आकारमानानुसार बदलतो. विभाजन गुणांक मात्र औषधा-औषधांत लाखो पटींनी बदलू शकतो. त्यामुळे निष्क्रिय पारगमनाचे भाकीत म्हणजे मुख्यतः पाणी सोडून मेदात जाण्यासाठी रेणूला किती ऊर्जा मोजावी लागते याचेच भाकीत असते. झ्यूरिकमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स अर्नेस्ट ओव्हरटन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात वनस्पतींच्या पेशींवर असंख्य पदार्थ तपासून नेमके हेच ओळखले होते, आणि तेही पटलाची रचना कोणालाच ठाऊक नसताना. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने ओव्हरटन यांच्याविषयी कृतज्ञ राहावे असे मला मनापासून वाटते.

अडचण येते ती ही किंमत मोजण्यासाठी आपण निवडलेल्या द्रवात. कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयाचे कॉर्विन हान्श यांनी तोशिओ फुजिता यांच्यासह १९६० च्या दशकात ऑक्टॅनॉल-पाणी विभाजन गुणांकाला औषधरचनेच्या केंद्रस्थानी आणले. त्यांची निवड व्यवहार्य होती आणि मोजमापांचे प्रचंड भांडार त्यातून उभे राहिले. पण ऑक्टॅनॉल कोरडे मेद नव्हे. त्याच्या टोकाला हायड्रॉक्सिल गट असतो, आणि पाण्याने संपृक्त झालेल्या ऑक्टॅनॉलमध्ये दर चार रेणूंपैकी सुमारे एक रेणू पाण्याचा असतो. अमाइडाच्या नायट्रोजनावरील हायड्रोजनाला तेथे बंधासाठी जोडीदार सहज मिळतो, त्यामुळे पाणी सोडल्याची झळ त्याला फारशी बसत नाही. पटलाच्या गाभ्यात असा जोडीदार नसतो. हायड्रोजन बंध देणाऱ्या गटांची खरी किंमत ऑक्टॅनॉल अशा रीतीने लपवते, आणि तुमच्या रेणूत असे तीन गट आहेत. ऑक्टॅनॉलसोबत हेक्साडेकेनसारख्या हायड्रोकार्बनातील विभाजन मोजले, तर दोहोंतील फरकावरून ही लपलेली किंमत उघड होते. ऑक्टॅनॉलमध्ये सारखेच वाटणारे दोन रेणू हेक्साडेकेनमध्ये शंभरपटीने वेगळे निघाल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

हे सगळे एकाच जोडीत पाहायचे असेल, तर माझ्या माहितीत प्रोप्रॅनोलॉल आणि अटेनोलॉल यांच्याइतकी बोलकी जोडी दुसरी नाही. दोन्ही बीटा अवरोधक, म्हणजे रक्तदाब आणि हृदयाचे ठोके कमी करणारी औषधे आहेत, दोघांचे रेणुभार अनुक्रमे २५९ आणि २६६ आहेत, दोघांची अमाइनयुक्त बाजूची साखळी तंतोतंत सारखी आहे आणि दोघांचा पीकेए ९.५ च्या आसपास आहे. म्हणजे भाराच्या बाबतीत दोघे समान आहेत आणि पीएच ७.४ ला दोघांचेही एक टक्क्याहून कमी रेणू भाररहित असतात. फरक इतकाच की प्रोप्रॅनोलॉलमध्ये नॅफ्थलीनची दोन जोडवलये आहेत, तर अटेनोलॉलमध्ये एकच बेंझीन वलय असून त्याला प्राथमिक अमाइड गट लावलेला आहे. तेवढ्यामुळे ध्रुवीय पृष्ठक्षेत्र सुमारे ४२ वरून ८५ चौरस अँगस्ट्रॉमवर जाते आणि लॉग पी सुमारे ३.५ वरून ०.२ वर उतरतो. परिणाम थेट रुग्णांत दिसतो. प्रोप्रॅनोलॉल आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषले जाते आणि मेंदूतही जाते, म्हणूनच काही रुग्णांना त्याने विचित्र स्वप्ने पडतात. अटेनोलॉलचा मात्र निम्मा भागच शोषला जातो आणि मेंदूत तो फारच कमी पोहोचतो.

आता या जोडीचे आकडे जरा बारकाईने पाहा. लॉग पीतील ३.३ चा फरक म्हणजे जवळपास दोन हजार पट. काको-२ थरात मात्र प्रोप्रॅनोलॉलची पारगम्यता वरच्याच एककात साधारण वीस-तीसच्या घरात येते आणि अटेनोलॉलची एकाच्या खाली, म्हणजे फरक काही दशक पटींचाच दिसतो. बाकीचा फरक दोन्ही टोकांना दबून जातो. प्रोप्रॅनोलॉल पटलातून इतक्या सहज जाते की पटलालगतच्या न ढवळलेल्या पाण्याच्या थरातून तेथवर पोहोचण्यासच त्याला खरा वेळ लागतो, तेव्हा आपण मोजतो तो बऱ्याच अंशी त्या पाण्याचा अडथळा असतो. अटेनोलॉल पटलातून इतके हळू जाते की दोन पेशींच्या मधील फटींतून जाणारी वाट त्याच्यासाठी महत्त्वाची ठरते, तेव्हा आपण मोजतो तो बऱ्याच अंशी फटींचा अडथळा असतो. काको-२ पेशी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून मिळालेल्या असल्याने त्यांच्यातील फटी मानवी लहान आतड्यापेक्षा अरुंद असतात, म्हणून लहान, जलस्नेही औषधांना हा प्रयोग प्रत्यक्षापेक्षा कमी लेखतो. तुमचा ०.७ हा आकडा याच तळाच्या पट्ट्यात आहे. तेथे तो पटलाविषयी फारसे सांगतच नाही. शिवाय तुमचा रेणू अटेनोलॉलच्या दीडपट वजनाचा असल्याने मानवी आतड्यातही फटींची वाट त्याला फारशी उपयोगी पडणार नाही.

येथून नियमांकडे वळू. क्रिस्टोफर लिपिन्स्की आणि त्यांच्या फायझरमधील सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेला पाचाचा नियम हा इशारा म्हणून मांडलेला होता. रेणुभार ५०० च्या वर, लॉग पी ५ च्या वर, हायड्रोजन बंध देणारे गट ५ हून अधिक आणि नायट्रोजन व ऑक्सिजन मिळून १० हून अधिक, यांपैकी दोन मर्यादा ओलांडल्या तर शोषण कमी असण्याची शक्यता वाढते, इतकेच त्यांचे म्हणणे होते. मर्यादेच्या आत असलेला रेणू शोषला जाईल असे आश्वासन त्यात कोठेही नाही, आणि वाहक प्रथिनांवर स्वार होऊन जाणारी औषधे नियमातून वगळल्याचे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. वेबर यांची २००२ ची मर्यादा, म्हणजे ध्रुवीय पृष्ठक्षेत्र १४० पर्यंत आणि मुक्तपणे फिरणारे बंध १० पर्यंत, ही तर रॅट या प्रयोगशाळेतील उंदरांमधील जैवउपलब्धतेवर आधारलेली आहे. जैवउपलब्धतेत शोषणासोबत यकृतातील नाशही मिसळलेला असतो. वरचे प्रोप्रॅनोलॉलच घ्या. जवळजवळ सगळे शोषले जाऊनही त्याचा साधारण चौथा हिस्साच रक्ताभिसरणात पोहोचतो, कारण उरलेला यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकते. पटल ओलांडणे, शोषले जाणे आणि रक्तात टिकून राहणे या तीन गोष्टींसाठी एकच शब्द वापरण्याची सवय आपल्या महाविद्यालयांतील प्रबंधांत फार बोकाळली आहे, आणि भाकितांविषयीचा बराच गोंधळ तेथूनच सुरू होतो.

आणखी एक वाट उरते, ती वाहकांची. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत मधुमेहासाठी रोज घेतले जाणारे मेटफॉर्मिन पाहा. रेणुभार अवघा १२९, एकही निकष न मोडणारे. पण त्याचा पीकेए १२ च्या पुढे असल्याने पीएच ७.४ ला लाखात एखादाच रेणू भाररहित असतो. केवळ मेदाच्या हिशेबाने हे औषध तोंडाने देण्याच्या लायकीचे ठरले नसते. प्रत्यक्षात त्याची जैवउपलब्धता ५० ते ६० टक्के आहे, कारण धन भाराच्या रेणूंना उचलून नेणारी वाहक प्रथिने आतड्यात आहेत, आणि त्याच कुळातील ओसीटी१ हे प्रथिन त्याला यकृताच्या पेशींत घेऊन जाते. असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाची गोष्ट तर नियमांच्या नेमकी उलट जाते. मूळ औषध तोंडाने घेतल्यास १० ते २० टक्केच उपलब्ध होते. त्याला व्हॅलीन हे अमिनो आम्ल जोडून केलेले व्हॅलासायक्लोव्हिर रेणुभाराने आणि ध्रुवीय पृष्ठक्षेत्राने मोठे आहे, म्हणजे गणिताने आणखी वाईट ठरावे. तरीही त्यातून असायक्लोव्हिरची उपलब्धता ५० टक्क्यांच्या पुढे जाते, कारण आतड्यातील पेप्ट१ हा लहान पेप्टाइडांचा वाहक त्याला आपले समजून आत घेतो.

वाहक बाहेरही ढकलतात. जुलाबांवर दिले जाणारे लोपेरामाइड हे ओपिऑइड वर्गातील औषध आहे. त्याचे ध्रुवीय पृष्ठक्षेत्र ४४ च्या आसपास आहे आणि मेदस्नेहिता उत्तम आहे. गुणधर्मांवरून काढलेले प्रत्येक भाकीत ते मेंदूत जाईल असेच सांगेल. नेहमीच्या मात्रेत मेंदूवर त्याचा परिणाम दिसत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्या सीमेवरील पी-ग्लायकोप्रोटीन त्याला परत फेकते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना लोपेरामाइडसोबत या प्रथिनाला रोखणारे क्विनिडीन दिले, तेव्हा त्यांचा श्वसनाचा प्रतिसाद मंदावला. ज्याला आपण मेंदूत न जाणारे औषध म्हणतो ते कधीकधी एका प्रथिनाच्या पहाऱ्यामुळेच बाहेर राहिलेले असते, हे औषधांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने मला फार महत्त्वाचे वाटते.

तुमच्या रेणूबाबत ही शक्यता मी मुळीच बाजूला ठेवणार नाही. रेणुभार चारशेच्या वर, एक आम्लारी नायट्रोजन आणि दोन अमाइड, असा रेणू पी-ग्लायकोप्रोटीनला बऱ्याचदा आवडतो. तुम्ही पारगम्यता आतड्याच्या पोकळीच्या बाजूकडून रक्ताच्या बाजूकडे, अशी एकाच दिशेने मोजलेली दिसते. ती उलट दिशेनेही मोजा. उलट दिशेची पारगम्यता कित्येक पटींनी जास्त आली आणि झोसुक्विडार किंवा एलाक्रिडार यांसारखा अवरोधक घातल्यावर दोन्ही दिशा सारख्या झाल्या, तर दोष बाहेर ढकलणाऱ्या प्रथिनाचा. दोन्ही दिशांना मूळचीच कमी आली, तर दोष मेदात शिरण्याच्या किमतीचा. या एका प्रयोगाने जितका उलगडा होईल तितका आणखी दहा संगणकप्रणाली वापरून होणार नाही.

परंतु त्यात एक सापळा आहे. पेशींच्या थराच्या वरच्या, म्हणजे आतड्याच्या पोकळीच्या बाजूच्या, कप्प्यात पीएच ६.५ आणि खालच्या, म्हणजे रक्ताच्या बाजूच्या, कप्प्यात ७.४ ठेवण्याची पद्धत शोषणाच्या अभ्यासासाठी योग्य असली, तरी आम्लारी रेणूबाबत ती दिशाभूल करते. पीएच ६.५ च्या कप्प्यात भाररहित रेणूंचे प्रमाण ७.४ च्या तुलनेत सुमारे आठपट कमी असते. म्हणजे कोणतेही वाहक प्रथिन नसताना, निव्वळ रसायनशास्त्रामुळे, उलट दिशेचा वेग आठपटीपर्यंत जास्त दिसू शकतो, आणि तो पाहून पी-ग्लायकोप्रोटीनला दोष देणारे अहवाल मी वाचले आहेत. उत्सर्जनाची, म्हणजे वाहकाने बाहेर ढकलण्याची, तपासणी करताना दोन्ही कप्प्यांत पीएच ७.४ ठेवा. शेवटी दोन्ही कप्पे आणि पेशी यांत मिळून किती औषध परत मिळाले याची बेरीजही अवश्य करा. सुरुवातीच्या काळात आम्ही एका मेदस्नेही संयुगाला पारगम्य नाही म्हणून बाद केले होते, आणि काही महिन्यांनी लक्षात आले की निम्म्याहून अधिक संयुग प्लॅस्टिकच्या भिंतींना चिकटून बसले होते. खालच्या कप्प्यात अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन घालून प्रयोग पुन्हा केला तेव्हा त्याची पारगम्यता चांगली निघाली, पण तोवर त्या मालिकेचे काम थांबलेले होते. त्याची खंत मला आजही आहे.

दोन्ही दिशांच्या प्रयोगानंतर तुमचा रेणू मूळचाच मंद ठरला, तर गुणधर्मांकडे नव्याने पाहावे लागेल, आणि तेथे ध्रुवीय पृष्ठक्षेत्राचा नेहमीचा आकडा किती आंधळा आहे हे लक्षात ठेवावे. पीटर एर्ट्ल यांच्या २००० सालच्या पद्धतीने तो तुकड्यांच्या बेरजेतून निघतो. रेणू त्रिमितीत कसा दुमडतो याची त्या बेरजेला गंधवार्ता नसते. अवयव प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनचा रेणुभार १२०२ आहे आणि या पद्धतीने त्याचे क्षेत्र २८० च्या जवळ येते, म्हणजे दोन्ही मर्यादांच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक. तरीही ते तोंडाने देता येते. त्याच्या अकरा अमिनो आम्लांपैकी सातांच्या नायट्रोजनावर मिथिल गट आहेत, आणि उरलेले चार हायड्रोजन क्लोरोफॉर्मसारख्या द्रवात रेणूच्या आतल्याच ऑक्सिजनांशी बंध करून तोंड आत वळवून बसतात. पाण्यात गेल्यावर हा रेणू आपली रचना बदलतो. तुमच्या रेणूतही एखाद्या अमाइडाशेजारी योग्य जागी पिरिडीनचा नायट्रोजन किंवा मिथॉक्सीचा ऑक्सिजन आणता आला, तर तो हायड्रोजन आतल्या आत झाकला जाईल. गणितातील क्षेत्र त्याने कदाचित वाढेल, पण पारगम्यता सुधारण्याचा संभव आहे.

यंत्रशिक्षणाच्या प्रारूपांविषयीही तुम्ही विचारले आहे. ती उपयोगी आहेत, आणि शेकडो कल्पित रेणूंतून आधी कोणते तयार करावेत हे ठरवताना मी ती रोज वापरतो. पण ज्या आकड्यांवर ती शिकतात ते निरनिराळ्या प्रयोगशाळांतून गोळा केलेले असतात, आणि एकाच औषधाची काको-२ मूल्ये दोन प्रयोगशाळांत दहापटीने वेगळी येणे दुर्मीळ नाही. त्या आकड्यांत निष्क्रिय पारगमन, फटींची वाट आणि वाहक हे सगळे एकत्र कालवलेले असते. मेंदूच्या बाबतीत तर गोंधळ आणखी वाढतो, कारण बरीच जुनी माहिती मेंदूतील आणि रक्तातील एकूण औषधाच्या गुणोत्तराची आहे. मेंदूच्या मेदाला चिकटून निष्क्रिय झालेले औषधही त्यात मोजले जाते, त्यामुळे अशा माहितीवर शिकलेले प्रारूप रेणू अधिकाधिक चिकट करण्याचा सल्ला देते. परिणाम घडवतो तो मुक्त, म्हणजे कशालाही न चिकटलेला, अंश, आणि गुणोत्तर त्याचेच मोजायला हवे. कोणतेही प्रारूप वापरताना तुमच्या रेणूसारखे रेणू त्याच्या शिक्षणसंचात होते का, हे आधी तपासा. मोकळे पिपेरिडीन आणि दोन अमाइड असलेले नमुने त्यात मोजकेच असतील, तर आलेला आकडा अंदाजापलीकडे धरू नका.

तेव्हा पुढच्या महिन्याचे काम मी असे ठरवीन. आधी पीकेए आणि पीएच ७.४ चा लॉग डी प्रत्यक्ष मोजा. मग दोन्ही दिशांचा काको-२ प्रयोग करा आणि प्रत्येक थाळीत प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल व पी-ग्लायकोप्रोटीन ज्याला बाहेर ढकलते ते डिगॉक्सिन ही तिन्ही औषधे ठेवा, म्हणजे तुमचा ०.७ कशाच्या तुलनेत कमी आहे हे कळेल आणि उत्सर्जन करणारे प्रथिन त्या थाळीत जागे होते की नाही हेही कळेल. सोबत पेशींविना, निव्वळ कृत्रिम मेदपटलाचा पाम्पा प्रयोग वेगवेगळ्या पीएचला करा. पीएच वाढवत नेल्यावर पारगम्यता झपाट्याने वाढली, तर भार हाच मुख्य अडसर आहे. अशा वेळी पिपेरिडीन वलयात नायट्रोजनापासून दुसऱ्या कार्बनावर फ्लोरिन आणून, किंवा पिपेरिडीनऐवजी मॉर्फोलिन घेऊन, पीकेए दीड-दोन एककांनी किंवा त्याहूनही अधिक उतरवता येतो. मात्र तो नायट्रोजन तुमच्या लक्ष्य प्रथिनाशी बंध करतो की नाही हे आधी पाहा. पीएच वाढवूनही फारसा फरक पडला नाही, तर अमाइडांपैकी ज्याचा हायड्रोजन लक्ष्य प्रथिनाला लागत नाही त्यावर मिथिल गट लावलेला एक आणि वर सांगितल्याप्रमाणे हायड्रोजन आत झाकलेला एक, असे दोनच नवे रेणू तयार करा आणि मूळ रेणूसह तिघांना एकाच दिवशी, एकाच थाळीत मोजा.